काटकोन त्रिकोणाच्या अज्ञात बाजू काढणे

काटकोन त्रिकोणाविषयीच्या मोजक्या माहितीवरून त्याच्या उरलेल्या बाजूंची लांबी ठरवण्याची रीत. एक कोन ९०° असल्याचे आधीच ठाऊक असल्यामुळे एकतर दोन बाजू किंवा एक बाजू आणि एक लघुकोन एवढी माहिती पुरते. नुसत्या कोनांवरून मात्र त्रिकोणाचा आकार कळतो, लांबी कळत नाही.

काटकोनासमोरील बाजू म्हणजे कर्ण. ती तिन्हींत सर्वांत लांब असते. दोन बाजू दिल्या असता पायथागोरसचे प्रमेय वापरतात : कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदी रचण्याच्या नियमांच्या प्राचीन ग्रंथात) हेच तत्त्व आयताच्या कर्णाच्या रूपाने आले आहे. कर्ण काढताना वर्गांची बेरीज होते आणि काटकोन करणारी बाजू काढताना वजाबाकी, त्यामुळे दिलेल्या बाजूंत कर्ण आहे की नाही हे आकडेमोडीपूर्वीच पाहावे लागते. ३ आणि ४ या संख्या दिसताच उत्तर ५ लिहिण्याची घाई अनेकदा होते. पण ४ हा कर्ण असेल तर तिसरी बाजू √७ येते.

वजाबाकीचे अवयव पाडले की काम फार हलके होते. कर्ण २९ व एक बाजू २१ असल्यास (२९ − २१)(२९ + २१) = ८ × ५० = ४०० आणि तिसरी बाजू २०. हीच युक्ती काटकोन करणारी एकच बाजू आणि उरलेल्या दोहोंची बेरीज दिली असतानाही चालते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) उदाहरणात ३२ हात उंचीचा बांबू मधेच मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. येथे मोडलेला भाग हा कर्ण, उभा राहिलेला भाग ही एक बाजू आणि दोहोंची बेरीज ३२. १६ च्या वर्गाला, म्हणजे २५६ ला, ३२ ने भागले की त्यांतील फरक ८ मिळतो. म्हणून कर्ण २० हात, आणि बांबू जमिनीपासून १२ हातांवर मोडला.

एकच बाजू व एक लघुकोन दिला असल्यास त्रिकोणमितीय गुणोत्तरे लागतात. कोनासमोरील बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन आणि समोरील बाजू भागिले लगतची बाजू म्हणजे टॅन. ज्ञात आणि अज्ञात या दोन्ही बाजू ज्यात येतात ते गुणोत्तर निवडायचे. ३०° कोनासमोरील बाजू कर्णाच्या निम्मी असते, त्यामुळे कर्ण १२ असल्यास ती ६ आणि ६०° समोरील बाजू ६√३, म्हणजे सुमारे १०.३९ येते. पुढे आणखी आकडेमोड करायची असेल तर ६√३ हेच रूप ठेवावे, कारण आसन्न (अंदाजे) किमतीतील चूक पुढच्या प्रत्येक पायरीत उतरते.