ताडोबा: कोर म्हणजे काय, बफर म्हणजे काय

ताडोबाच्या सफारीचे बुकिंग करताना पर्यटक हमखास अडतो तो ‘कोर की बफर’ या प्रश्नापाशी. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही कोरची दारे. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची. कोर मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यातही. बफरचे नियम वेगळे. वाघ मात्र दोन्हीकडे दिसतो, मग हा भेद आला कुठून?

जंगलाचे नाव तळ्याकाठच्या तारू देवावरून पडले. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंड गावप्रमुख. पौषात त्याची जत्रा भरते. १९३५ मध्ये इथली शिकार थांबली. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता. महाराष्ट्रातले सर्वात जुने राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र राज्याहून पाच वर्षांनी मोठे आहे ते असे. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प. म्हणजे ‘ताडोबा राष्ट्रीय उद्यान’ हा आज प्रकल्पाचा एक तुकडा आहे, बोलताना आपण सगळ्यालाच ताडोबा म्हणतो.

खरा गुंता २००६ नंतरचा. वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजेच कोर, माणसाच्या वावरापासून मुक्त ठेवायचे ठरले. २००७ च्या अखेरीस ताडोबाचा गाभा अधिसूचित झाला आणि आतल्या गावांच्या पुनर्वसनाला वेग आला. कुटुंबामागे दहा लाखांचे पॅकेज होते. बोटेझरी उठले, नवेगाव उठले, जामणी उठले. काही कुटुंबे रस्ता, शाळा, दवाखाना मिळेल म्हणून राजीखुशीने निघाली, हेही नोंदवायला हवे. पण गावे निघत असताना त्याच गाभ्यात सफारीच्या जिप्सी गाड्या फिरत होत्या. शेकडो वर्षे राहिलेल्या माणसाचा वावर वाघाला जाचतो, तर रोज सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या गाड्यांचा का नाही, हा प्रश्न गावकरी तेव्हा विचारत होते आणि तो रास्तच होता.

जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या गाभा क्षेत्रांत पर्यटनाला अंतरिम बंदी घातली. बहुतेक जंगले पावसाळ्यामुळे तशीही बंद होती. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बंदी उठली: गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन चालेल, नवी बांधकामे होणार नाहीत. या तडजोडीने पर्यटन वाचले. गावांचा प्रश्न तिच्या कक्षेत आलाच नाही. नवेगाव आणि जामणीच्या शेतांची आज गवताळ कुरणे झाली आहेत, हरणे तिथे चरतात, मागोमाग वाघ येतो, आणि सफारीतल्या गाड्या नेमक्या तिथेच थांबतात.

बफर म्हणजे कोरभोवतीचा पट्टा. तो २०१० चा, सुमारे ११०० चौरस किलोमीटर, म्हणजे कोरच्या जवळजवळ दुप्पट. त्यात सत्तरहून अधिक गावे आहेत. तिथल्या सफारीने गाइड आणि चालक म्हणून स्थानिक पोरांना काम दिले, हे या सगळ्यातले मला सर्वात पटलेले पाऊल. पण कोरमधून बाहेर पडणाऱ्या तरुण वाघांचा रस्ताही बफरमधूनच जातो. एप्रिल-मे महिन्यांत मोह आणि तेंदूपत्ता वेचायला बायाबापड्या पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, वाकून काम करतात, आणि हल्ल्यांच्या बातम्या याच दिवसांत येतात.