अँटिव्हायरसचं खोकं: एका वार्षिक सवयीची पार्श्वभूमी

साताऱ्यात पोवई नाक्यावर असो की सांगलीत विश्रामबागला, नवा कॉम्प्युटर घेतला की बिलात एक ओळ न विचारताच येते: अँटिव्हायरस, एक वर्ष. वर्ष संपत आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल खिडकी उघडू लागते आणि घरातलं कुणीतरी दुकानात जाऊन नवं खोकं, म्हणजे त्यातली मुदत वाढवणारी नवी ‘की’ (कोड) घेऊन येतं. या सवयीला तिचा काळ होता, आणि त्या काळात ती अगदी रास्त होती.

सुरुवात फ्लॉपीपासून. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत बसायचा. फ्लॉपी ड्राइव्हमध्येच विसरून मशीन चालू केलं की तो मेमरीत शिरायचा आणि नंतर घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर उतरायचा. त्यात भावांनी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता. फाइल्स अडकवून पैसे मागणाऱ्या आजच्या खंडणीखोरांकडून एवढ्या सभ्यतेची अपेक्षा नको.

नव्वदच्या दशकात पुण्यात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये असेच व्हायरस सापडू लागले. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर तेव्हा तिथे दुरुस्तीचं दुकान चालवत होते. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारी छोटी साधनं लिहायला घेतली आणि त्यातून १९९५ साली ‘क्विक हील’ बाजारात आलं. ‘नेट प्रोटेक्टर’ही पुण्याचंच. आपल्याकडे अँटिव्हायरस दुरुस्तीवाल्याच्या हातून घरात आला तो असा, आणि म्हणून आजही अनेक घरांत निवड घरमालक करत नाही, दुकानदार करतो.

भीती मात्र खोटी नव्हती. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ हा व्हायरस जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनमध्ये तो हार्ड डिस्कची सुरुवातीची जागा पुसायचा आणि काही मदरबोर्डवर मशीन सुरू करून देणाऱ्या बायोसची चिपही खराब करायचा. चिप नव्याने प्रोग्रॅम करेपर्यंत मशीन सुरूच होत नसे. त्यापाठोपाठ मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा ईमेलमधून फिरणारा किडा आला. तेव्हाचा अँटिव्हायरस मुख्यतः माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणा जुळवून व्हायरस ओळखायचा, त्यामुळे खुणांची यादी महिनाभर जुनी झाली की महिनाभरात आलेला प्रत्येक नवा व्हायरस त्याच्या नजरेआड. डायलअपवर ती यादी उतरवायची म्हणजे फोनची लाइन अडकून पडायची. सायबर कॅफेत जाऊन अपडेटची फाइल सीडीवर घेऊन येणं हा तेव्हा वेडेपणा नव्हता.

आपल्या भागाचा खरा व्हायरसकाळ मात्र पेनड्राइव्हचा. एमएस-सीआयटीचं सेंटर, झेरॉक्सचं दुकान, फोटो स्टुडिओ आणि घर यांच्यामध्ये एकच पेनड्राइव्ह फिरायचा. विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्ह लावला किंवा त्याच्या चिन्हावर डबल क्लिक केलं, की त्यातली ‘ऑटोरन’ नावाची छोटी फाइल व्हायरसला वाट करून द्यायची. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘कॉन्फिकर’नेही पुढे हा रस्ता वापरला. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि २०११ मध्ये एक्सपीसाठीही तशी दुरुस्ती दिली.

मागे उरला तो शॉर्टकट व्हायरस, जो आजही झेरॉक्सच्या दुकानातून घरी येतो. पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर गायब होऊन त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात, आणि घाबरून लोक पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतात. तसं करू नये. फोल्डर तिथेच असतात, फक्त ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असा शिक्का मारून लपवलेले. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी पूर्ण पेनड्राइव्ह स्कॅन करावा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगावं आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची खूणही काढावी. ही दुसरी खूण राहिली तर काहीच दिसत नाही आणि डेटा गेला असं वाटतं. फोल्डर दिसले की आतल्या फाइल्स कॉपी करून घ्याव्यात, पेनड्राइव्ह त्यानंतर फॉरमॅट करावा.

बाजाराचं गणित बदललं ते पुढे. सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ फुकट दिलं, पण अट होती अस्सल विंडोजची. आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या मशीनमध्ये अस्सल विंडोज किती असायचं, हे सांगायला नको. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजच्या आतच आला. तेव्हापासून खोकं ही गरज राहिली नाही, पसंतीची गोष्ट झाली.

अर्थात डिफेंडर चालू असेल तर. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस चालवणारा ‘अॅक्टिव्हेटर’ डिफेंडर पकडतो, म्हणून मशीन जोडून देणारा डिफेंडर बंद करतो किंवा त्या फोल्डरला सूट देऊन ठेवतो. त्याच फोल्डरमध्ये पुढे काहीही येऊन बसलं तरी तपासणी होत नाही. म्हणून नवा अँटिव्हायरस घेण्याआधी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहावं. त्याच पानावर खाली ‘एक्सक्लूजन्स’ची यादी आहे. घरच्या मशीनमध्ये ती रिकामी असायला हवी.

दुसरा घोळ दोन अँटिव्हायरसचा. बाहेरचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, ते बरोबरच. पण बाहेरचे दोन एकत्र बसवले तर दोघेही प्रत्येक फाइल अडवून तपासतात आणि ४ जीबी रॅमचं मशीन गुडघे टेकतं. मुदत संपलेला अँटिव्हायरस नुसता पडू देण्यातही अर्थ नाही. नवी की घ्यायची नसेल तर तो पूर्ण अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करावं, डिफेंडर परत चालू होतो. मुदत संपल्याची सूचना खुद्द अँटिव्हायरसकडूनच आली आहे का, हेही बघावं. अशा पुष्कळ सूचना ब्राउझरमध्ये कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेल्या एखाद्या साइटकडून येतात. ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की प्रश्न मिटतो, पैसे भरावे लागत नाहीत.

मग पैसे कुणी मोजावेत? लहान मुलांसाठी वेळेची आणि साइटची बंधनं एकाच ठिकाणाहून सांभाळायची असतील, किंवा अडचणीत मराठीत बोलणारा, घरी येणारा माणूस हवा असेल, तर खोकं परवडतं. त्यात मुख्यतः सेवा विकत घेतली जाते, आणि ते चुकीचं नाही. केवळ व्हायरसच्या धास्तीने घेणाऱ्यांनी आधी अपडेटकडे बघावं. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने जे भोक वापरलं, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या अशा प्रकारांवर उपाय म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कवरची प्रत. ती डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवायची, कारण जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. सांगलीत नदीकाठच्या घरांनी ती वरच्या मजल्यावर ठेवावी. ऑगस्ट २०१९ चा पूर कुणी विसरलेलं नाही.

फोनवर बोलत बोलत ‘एनीडेस्क’ हे दुरून मशीन चालवू देणारं अॅप उतरवायला लावणारा भामटा मात्र कुठल्याच खोक्याला हमखास पकडता येत नाही, कारण ते अॅप अस्सल असतं आणि परवानगी आपणच दिलेली असते. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. नावनोंदणी केलेल्या घरगुती मशीनना त्यापुढे एक वर्ष जादा सुरक्षा अपडेट देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. डिफेंडरच्या खुणांची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असंही सांगितलं आहे, पण यादीने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर तीन वर्षांची की घेण्याआधी दुकानदाराला हे दोन प्रश्न विचारावेत.