राखेच्या भरावाभोवतीचे भूजल निरीक्षण

राखेच्या भरावाभोवतीचे भूजल निरीक्षण : खाणीच्या रिकाम्या खड्ड्यात राख भरल्यावर तिच्यातून झिरपणारे पाणी आसपासच्या विहिरी-बोअरपर्यंत पोहोचते का, हे तपासण्याची पद्धत. ती मुख्यतः कोळसा खाणींसाठी घडली. विदर्भात अशा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रे जवळजवळ आहेत. सातारा-सांगलीत कोळसा नाही. तिथे जुन्या दगडखाणी आहेत आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरची राख आहे. ही राख खाणीत टाकायची, तर निरीक्षण तितकेच गरजेचे.

खाणीतल्या पाण्याचा उपसा थांबला की भूजल पुन्हा चढते आणि राख खालून भिजते. कोळशाच्या राखेतून बोरॉन व सल्फेट सर्वांत आधी निसटतात, कारण ते मातीला फारसे चिकटत नाहीत. उसाच्या चिपाडाची राख असेल तर पोटॅशियम आणि सामूवर (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा, pH) लक्ष ठेवावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, बोरॉनची ०.५ आणि आर्सेनिकची ०.०१ आहे.

भूजलप्रवाहाच्या वरच्या बाजूला किमान एक आणि खालच्या बाजूला तीन विहिरी घ्याव्यात. राख पडण्यापूर्वी वर्षभराची मोजणी हवीच. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड पट्ट्यात पाणी आधीच खारे असते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी शेतात गेले असेल तर पोटॅशियमही वाढलेले असते. मूळ नोंद नसेल तर क्षार राखेचा की उसाच्या रानातला, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

इथल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) पाणी सांधे-भेगांतून धावते, त्यामुळे तीन विहिरींच्या पातळीवरून काढलेली प्रवाहाची दिशा फसवी ठरू शकते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना लाभक्षेत्रातली पातळी चढते. म्हणून पातळीसोबत आवर्तनाची तारीखही लिहावी. बोअरचे केसिंग (भोवतीचा बंद पाइप) मुरमातच संपवले तर पावसाचे पाणी थेट आत उतरते. ते कठीण खडकात बसवून भोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) भरावे. सिमेंट बोअरच्या गाळणीच्या भागात (पाणी आत येणाऱ्या छिद्रांच्या पाइपपाशी) उतरले तर सामू ११ च्या वर जातो आणि राखेचाच परिणाम वाटतो.

नमुन्याआधी बोअरमधले साचलेले पाणी तिप्पट उपसावे. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये मीटरमागे सुमारे १८ लिटर पाणी असते. २० मीटरचा स्तंभ असेल तर हा उपसा हजार लिटरच्या पुढे जातो. सामू व विद्युतवाहकता स्थिरावल्यावरच बाटली भरावी. विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग नायट्रिक आम्लाने सामू २ खाली आणावा. क्रम उलटला तर गाळातले धातू विरघळतात आणि आकडा खोटा फुगतो. बोरॉनसाठी बाटली प्लॅस्टिकचीच हवी. बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन पाण्यात उतरतो.