पार्श्वभूमी: पोर्ट एक, ओळी दोन

इंजिनिअरिंगला ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप शिकलेल्यांना कील सिम्युलेटरमधली (म्हणजे संगणकावर चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) ती छोटी खिडकी आठवत असेल. पोर्ट १, म्हणजे चिपच्या आठ पिनांचा एक गट, उघडला की आठ-आठ चौकटींच्या दोन ओळी: वर ‘पी१’, खाली ‘पिन्स’. पोर्ट एक, मग ओळी दोन कशाला? प्रॅक्टिकलला आम्ही कुणी विचारलं नाही. व्हायव्हालाही नशिबाने कुणी विचारलं नाही.

१९७५ साली पॉल ॲलनने (मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक) हार्वर्डच्या पीडीपी-१० या संगणकावर इंटेल ८०८० या प्रोसेसरचा सिम्युलेटर लिहिला. ऑल्टेअर या छोट्या संगणकासाठीची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यावरच तयार झाली, खऱ्या ऑल्टेअरला हात न लावता. प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या त्याच्या सूचनांची नीट नक्कल केली की भागत होतं. पुढच्याच वर्षी ८०४८ आला, १९८० मध्ये ८०५१. आता प्रोसेसर, मेमरी, पोर्ट सगळं एकाच चिपमध्ये, आणि पिनांपलीकडे मोटर, स्विच, रिले. त्यांचं वागणं चिपच्या मॅन्युअलमध्ये कुठून असणार? म्हणून इन-सर्किट एम्युलेटर वापरत: सॉकेटमधली चिप काढायची, तिथे केबलचं टोक खोचायचं. नक्कल चिपची, बाहेरचं सर्किट मात्र खरं. प्रकरण महागडं.

निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये हे करायचं तर पोर्ट म्हणजे मेमरीतला एक बाइट, असं धरण्याचा मोह होतो. तिथेच फसगत. समजा पी१.० या पिनेच्या लॅचमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेली किंमत धरून ठेवणाऱ्या जागेत, १ आहे, पण स्विच दाबल्यामुळे पिन ग्राउंडला गेली आहे. ‘मूव्ह सी, पी१.०’ ही सूचना पिन वाचते, ० मिळतो. ‘सीपीएल पी१.०’ मात्र लॅच वाचते, म्हणजे १, आणि उलटवून ० लिहिते. सिम्युलेटरने एकच किंमत साठवली असेल, तर तो ० उलटवून १ लिहील. कीलच्या दोन ओळी त्यासाठी: वरची लॅचची, खालची पिनांची.

नंतरच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरांमध्ये हा भेद रजिस्टरांतच (चिपमधल्या नाव दिलेल्या छोट्या जागांतच) उघड झाला: दिशेसाठी डीडीआरबी, लिहायला पोर्टबी, वाचायला पिनबी. त्यातही मेख आहेच. आर्डुइनो उनो या बोर्डवरच्या एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपमध्ये वाचण्याच्या पिनबीवर १ लिहिला, तर पोर्टबीचा तो बिट उलटतो.

सिमएव्हीआर आणि ब्राउझरमध्ये चालणारं एव्हीआर८जेएस या दोन एव्हीआर सिम्युलेटरांनी हे सांभाळलं. मग उरलं पिनांपलीकडचं. वोक्वी या ऑनलाइन सिम्युलेटरमधलं बटण दाबलं की खऱ्या बटणासारखं थरथरतं, एका दाबात गणती तीन-चारने पुढे जाऊ शकते. नको असेल तर बटणाच्या ‘बाउन्स’ (थरथर) या सेटिंगसमोर शून्य लिहावं लागतं.