पाण्यातलं आभाळ: तळ्याकाठचा फोटो प्रिंटला देण्याआधी

कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. समोर शालिनी पॅलेस, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब आणि वर रंगलेलं आभाळ. मोबाइलवर तो छान दिसतो, पण १२ × १८ इंचाची प्रिंट हातात आली की काहीतरी खटकतं. काय खटकतंय ते मात्र चटकन सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक.

अशी प्रिंट आली की आम्ही ती टेबलावर उलटी ठेवतो. आभाळ खाली, पाणी वर. क्षणभर जरी वाटलं की हीच बाजू सरळ असावी, तर फोटोत गडबड आहे. पाणी आभाळापेक्षा उजळ झालेलं असतं. प्रत्यक्षात असं जवळजवळ कधीच होत नाही, कारण पाण्यावर पडलेला सगळा प्रकाश परत येत नाही. सरळ खाली वाकून पाहिलं तर जेमतेम २ टक्के परत येतो, बाकीचा आत जातो. नजर जितकी तिरपी, तितका परत येणारा प्रकाश जास्त. म्हणून पायाशी पाणी गडद दिसतं, तळाचे दगडही दिसतात आणि लांबवर तेच पाणी आरसा होतं. हा उतरता उजेड फोटोत राहिला पाहिजे. ॲपमध्ये सावल्या उजळवण्याची पट्टी शेवटपर्यंत ओढली की तो पुसला जातो आणि पाण्याचा पत्रा होतो.

फोटो काढतानाच थोडी काळजी घेतली तर पुढचं बरंचसं काम वाचतं. वारा पडलेला हवा, आणि तो बहुधा पहाटे पडलेला असतो. रंकाळ्याच्या पूर्व काठावर उभं राहिलं तर सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन पॅलेसवर पडतं. संध्याकाळी त्याच जागेवरून सूर्य समोर येतो. मग इमारतीची काळी आकृती आणि तांबडं पाणी, असा वेगळा फोटो मिळतो. दोन्ही चांगले, पण एकाच्या अपेक्षेनं दुसऱ्या वेळी जाऊ नका. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. दसऱ्यानंतर ते निवळायला लागतं.

काठावर उकिडवे बसा. कॅमेरा पाण्याजवळ गेला की प्रतिबिंब भरून येतं, कारण नजर तिरपी होते. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर धरू नका, समोरच्या इमारतीवर धरा. पृष्ठभागावर धरला तर तरंग आणि शेवाळ स्पष्ट येतं आणि प्रतिबिंब पुसट. फोटो सरळ आहे का हे पाहताना पलीकडच्या काठावर विसंबू नका. तळ्याचा काठ वळलेला असतो आणि फोटोत तिरका दिसतो. इमारतीचं टोक आणि त्याच्या प्रतिबिंबाचं टोक मनातल्या मनात रेघेनं जोडा. ती रेघ उभी असली की फोटो सरळ.

उजेडाचं माप नेहमी आभाळावर घ्या. मोबाइलमध्ये सर्वांत उजळ ढगावर बोट टेकवा आणि सूर्याच्या खुणेची पट्टी थोडी खाली ओढा. काळवंडलेल्या पाण्यातून नंतर बरंच काही बाहेर काढता येतं. पांढऱ्याफटक झालेल्या ढगात मात्र आम्हालाही काही भरता येत नाही. कॅमेऱ्यावर पोलरायझर लावत असाल तर तो फिरवताना डोळा पाण्यावर ठेवा. हा फिल्टर आभाळ गडद करतो, पण चुकीच्या बाजूला वळला तर प्रतिबिंबच खाऊन टाकतो. रुंद लेन्सवर तो लावल्यास आभाळाच्या एकाच भागात काळपट पट्टा येतो, म्हणून तिथे तो न लावलेलाच बरा, असं आमचं मत आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पहाटे दिवे लागतात, तेव्हा तिपाई न्याच. आणि आभाळ पूर्ण काळं असताना घाई करू नका. उजाडायच्या आधी काही मिनिटं आभाळात गर्द निळाई येते. दिव्यांचा पिवळा रंग तिच्यावर आणि पाण्यात जसा खुलतो, तसा काळ्या रात्रीत खुलत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आभाळ बदलून देणारी ॲप वापरू नका. वर कुठलेतरी भडक ढग येतात आणि पाण्यात जुनंच फिकट आभाळ राहतं. भिंतीवर लावलेला फोटो घरातली माणसं रोज बघतात. आज ना उद्या ते कुणाच्या तरी लक्षात येतंच.

आता प्रिंटबद्दल. मोबाइलचा फोटो साधारण ४:३ मापाचा असतो आणि १२ × १८ चा कागद ३:२ मापाचा. आडव्या फोटोची उंची त्यात सुमारे नवव्या हिश्श्यानं कमी होते. नेमकं तिथेच प्रतिबिंबाचं टोक असतं. फोटो काढताना खाली मोकळं पाणी सोडा, किंवा १२ × १६ ची प्रिंट सांगा. या मापाला आमची पसंती आहे, काहीच कापावं लागत नाही. १२ × १८ ची प्रिंट उत्तम यायची तर फाइल ३६०० × ५४०० पिक्सेलच्या आसपास हवी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आक्रसतो आणि आभाळाच्या सलग निळाईत पट्टे पडतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणा.

पाण्याच्या फोटोला आम्ही मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (किंचित चमकीचा) कागद सुचवतो. ग्लॉसीवर खिडकीचा उजेड चमकतो आणि नेमका पाण्याचा गडद भाग दिसेनासा होतो.

मोठी प्रिंट काढण्याआधी आम्ही अर्धं आभाळ आणि अर्धं पाणी येईल अशी नमुना पट्टी काढून देतो. ती घरी न्या, फोटो जिथे लावायचा त्या भिंतीवर धरा आणि संध्याकाळी दिवे लावल्यावर पुन्हा एकदा बघा. पाणी फार काळं वाटलं तर तसं सांगा, दुसरी पट्टी काढून देऊ.