समेवर फाटणारा आवाज: छोटा बेस अ‍ॅम्प आणि लूपर

माझा भाचा वेंगुर्ल्यात राहतो आणि गणपतीच्या दिवसांत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गणपतीआधीच्या पावसाळ्यात कार्यक्रम नसतात, तेव्हा माजघरात बसून रियाज चालतो. साधन म्हणजे ८ इंची स्पीकरचा १० वॉटचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा ध्वनिवर्धक) आणि पायाने दाबायचा लूपर. लूपर ही आवाज साठवणारी छोटीशी पेटी. दाबून एक आवर्तन वाजवलं की ती ते फिरवत राहते, त्यावर दुसरी ओळ चढवायची, मग तिसरी. एकट्याने चौघांची साथ करता येते. पण त्याची एक तक्रार होती: "मामा, तिसरो थर टाकलो काय सगळा गढूळ होता." नवा अ‍ॅम्प घ्यायचा तर कोणता, हे विचारायला त्याने फोन केला. त्याचं उत्तर शोधताना बरंच विज्ञान हाती लागलं.

बेसची सर्वांत जाड तार, ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. इतका खर्ज काढायला तार जड लागते, म्हणून तिच्यावर धातूची बारीक तार गुंडाळून वजन वाढवलेलं असतं. दशावतारातला पखवाजी खेळ सुरू होण्याआधी डाव्या तोंडाला कणीक थापतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. वजन चढलं की कंपनं मंदावतात आणि आवाज खाली उतरतो.

तारेने सूर काढला, आता तो हवेत पोचवायचा स्पीकरच्या कोनाने, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याने. खरी मेहनत इथे आहे. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढाच आवाज काढण्यासाठी कोनाला चौपट लांब हलावं लागतं. मी गणित मांडून पाहिलं. १ मीटर अंतरावर ९० डेसिबल हवे असतील, तर ४१ हर्ट्झला ८ इंची कोन मधल्या जागेपासून पुढे आणि मागे तीनेक मिलिमीटर हलायला हवा. ८२ हर्ट्झला तेच काम एक मिलिमीटरच्या आत भागतं. साध्या छोट्या स्पीकरची झेपच जेमतेम तीन मिलिमीटरची असते, म्हणजे एका सुरातच ती संपली. १० इंची कोनाचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे त्याला दोन मिलिमीटर पुरतात.

मग छोट्या अ‍ॅम्पवर ईची तार ऐकू येते ती कशी? हे आपल्या मेंदूचं कसब. तार हलते तेव्हा ४१ हर्ट्झबरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे अंशस्वरही निघतात. ते ऐकू आले की मूळ सूर गायब असला तरी मेंदू तो स्वतः भरून काढतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट सीबेक यांनी १८४१ साली सायरनवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवली होती. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही आपल्याला बेस ओळखू येतो तो याच कारणाने.

दुसरी बाजू कानाची. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की खर्जाच्या बाबतीत आपला कान फार मंद असतो. १००० हर्ट्झचा सूर जवळजवळ शून्य डेसिबललाच ऐकू येऊ लागतो, तर ४० हर्ट्झच्या सुराला पन्नासेक डेसिबल लागतात. रात्री हळू आवाजात वाजवताना बेस पातळ वाटतो तो यामुळे, आणि हात आपसूक अ‍ॅम्पवरच्या, खर्ज वाढवणाऱ्या 'बेस'च्या खुंटीकडे जातो. माझं मत विचाराल तर लूपर वापरणाऱ्याने हा मोह टाळावा. त्या खुंटीने कानाला मिळतं थोडं आणि कोनाची उरलीसुरली झेप जाते.

आता थरांकडे येऊ. सारख्याच जोराचे, वेगवेगळ्या ओळींचे चार थर चढवले की सरासरी शक्ती चौपट होते, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. ही सहज पेलते. पण आपण सगळे थर एकाच तालात वाजवतो आणि प्रत्येक ओळ समेवर जोराने येते. चारही लाटांचे माथे त्या क्षणी जुळले, तर व्होल्टेज चौपट आणि शक्ती सोळापट लागते. एका थराला समेवर २ वॉट लागत असतील, तर चौघांना वाईटात वाईट ३२. भाच्याच्या अ‍ॅम्पकडे आहेत १०. दहीहंडीत वर चढणारा प्रत्येक गोविंदा आपला भार खालच्या थरावर टाकतो, तसं इथे सगळं ओझं एकाच कोनावर येतं. अ‍ॅम्पची शक्ती संपते तिथे लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेल्या लाटेतून कोणीच न वाजवलेले सूर जन्माला येतात. ४१ची ई आणि ९८ची जी एकत्र फाटली, तर त्यांच्या फरकाचा ५७ हर्ट्झचा सूर निघतो. तो ५५च्या ए आणि ५८च्या ए शार्पच्या मधोमध पडतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. 'गढूळ' हा शब्द भाच्याने अगदी नेमका वापरला होता. त्यात खर्जाचा मोठा सूर वरच्या नाजूक सुरांना झाकून टाकतो हा कानाचा स्वभाव, म्हणून सर्वांत वरचा थर आधी बुडतो.

म्हणून मी त्याला १० इंची स्पीकरचा, ४० ते ५० वॉटचा अ‍ॅम्प सुचवला. घरात इतका आवाज कोणी करत नाही हे खरं, पण ती जास्तीची शक्ती समेपुरती हवी आहे. नुसत्या वॉटवर मात्र जाऊ नये. शक्ती दुप्पट झाली तरी वाढ मिळते ३ डेसिबलची. १ वॉटला १ मीटरवर ९३ डेसिबल देणारा स्पीकर १० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढंच वाजायला ८७ डेसिबलवाल्याला ४० वॉट लागतात. माहितीपत्रकात हा आकडा असेल तर वॉटच्या आधी तो वाचावा. पैसे खर्च न करता करण्यासारखा उपायही आहे: लूपरवरची थरांची पातळी खाली ठेवायची, आणि दुसरी-तिसरी ओळ गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वर वाजवायची.

घुमघुमीचा प्रश्न वेगळा. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ईच्या तारेवरची तिसरी पट्टी, म्हणजे जी, ४९ हर्ट्झची. अ‍ॅम्प घुमत असेल तर त्या सुराशी सेकंदाला एकदा हेलकावा ऐकू येतो. गिटार किंवा केबलमधून येणारी घुमघुम लूपर इमानाने प्रत्येक थरात साठवतो. कातळावरच्या घराला चांगलं अर्थिंग मिळणं कठीण असतं, तरी घुमघुम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे. आधी केबल आणि बोर्ड तपासून घ्यावा.

खोलीलाही स्वतःचा सूर असतो. आमचं माजघर १४ फूट लांब, म्हणजे सव्वाचार मीटर. आपल्याकडच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४८ मीटरच्या आसपास धरला, तर या लांबीत घुमणारा सूर येतो ४१ हर्ट्झ, नेमकी ईची तार! चिऱ्याच्या भिंती तो परतवतात, कौलांतून थोडा निसटतो. स्लॅबच्या खोलीत जास्तच घुमतो. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवला तर खर्ज आणखी फुगतो. तो भिंतीपासून दूर, स्टुलावर, कानाच्या दिशेने थोडा कलता ठेवला की ओळी सुट्या ऐकू येतात.

खाऱ्या वाऱ्याने जॅक काळवंडतात आणि तारा गंजतात. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि अ‍ॅम्पवर सुती आच्छादन घालावं, प्लास्टिक नको, आत ओल धरते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार, लूपर आणि केबल घेऊन जा. घरी ठेवता तेवढाच आवाज ठेवा. मोकळी ई, तिच्यावर वरच्या पट्ट्यांतले कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), मग तारेवर हाताने ठेका आणि शेवटी एक छोटी धून, असे चार थर चढवा, सगळे समेवर पाडा. मग गिटारवरचा हात काढून घ्या आणि आठ आवर्तनं नुसती ऐका. समेला धून सुटी ऐकू आली आणि खालची ई थरथरली नाही, तर तो अ‍ॅम्प घ्या.