गुप्तविधी पाळणारी बंधुसंस्था आणि 'कल्ट'

रक्ताचे नाते नसलेली माणसे शपथ घेऊन एकमेकांना 'बंधू' मानतात, अशी संघटना म्हणजे बंधुसंस्था. प्रवेशाचा विधी, ओळखीच्या खुणा आणि परवलीचे शब्द ती बाहेर सांगत नाही. फ्रीमेसनरी हे सर्वांत परिचित उदाहरण: तिच्या स्थानिक शाखेला 'लॉज' आणि शाखांवरच्या मध्यवर्ती संस्थेला 'ग्रँड लॉज' म्हणतात. लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज १७१७ मध्ये स्थापन झाली, भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ मध्ये. केवळ विधी गुप्त आहेत म्हणून अशी संस्था कल्ट ठरत नाही. सभासदावर कोणाची आणि किती सत्ता चालते, यावर ते ठरते.

'कल्ट'साठी मराठीत 'पंथ' हा शब्द वापरला की घोटाळा होतो. ज्या सोलापूर जिल्ह्यात आषाढीला वारकरी पंथाचा मेळा पंढरपुरी भरतो, तिथे हा आदराचा शब्द आहे. म्हणून येथे कल्ट हाच शब्द ठेवला आहे. अर्थ असा: एका व्यक्तीच्या वा छोट्या गटाच्या निर्विवाद हुकमतीखाली सभासदाचा पैसा, नाती आणि विचार जातात, आणि सोडून जाणाऱ्याला त्याची जबर किंमत मोजावी लागते, असा समूह.

गुप्तता आपल्याकडे नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले. वीरशैव दीक्षेत गुरू मंत्र कानातच सांगतो. उलट सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत पांढरी बाराबंदी घालून सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) पेलणारे भक्त सारे विधी भर रस्त्यात, हजारोंच्या साक्षीने करतात. गणवेश, शिस्त, नेमलेले मान सगळे तिथेही आहे. एवढ्यावरून कल्ट ओळखू गेले तर अर्धे सोलापूर त्यात बसेल.

फ्रीमेसन प्रवेशविधी दिसायला भयंकर वाटतो. आधी सभासदांनी नाव सुचवायचे, मग गोळ्या टाकून गुप्त मतदान. काळी गोळी नकाराची. प्रचलित इंग्रजी पद्धतीत उमेदवाराकडचे पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोरी अडकवतात, उजवा हात, छातीची डावी बाजू आणि डावा गुडघा उघडा ठेवतात. दारात छातीला खंजिराचे टोक लावले जाते. मग धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ होते आणि पट्टी सुटते. भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल असे अनेक ग्रंथ ठेवण्याची प्रथा आहे. पुढे त्याच्याकडे दान मागतात. खिसा रिकामा असल्याने देता येत नाही आणि गरजूची अवस्था त्याला कळते, हा धातू काढून घेण्यामागचा हेतू. शपथ मोडल्यास गळा चिरण्यासारख्या शिक्षांचा जुना उल्लेख इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतून वगळला. तो आधीही प्रतीकात्मकच होता, पण बाहेरच्याने तसे का मानावे?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधील 'विचारशुद्धी'चा, म्हणजे दबाव आणून माणसांचे विचार बदलण्याचा, अभ्यास करून १९६१ मध्ये अशा मनोनियंत्रणाची आठ लक्षणे मांडली. बाहेरच्या जगाशी संपर्कावर नियंत्रण, सक्तीचे पापनिवेदन, माणसाच्या अनुभवापेक्षा शिकवण मोठी मानणे ही त्यांपैकी. लॉजला ती फारशी लागू पडत नाहीत: सभा संपली, जेवण झाले की माणूस घरी जातो, अध्यक्ष साधारणपणे वर्षासाठी निवडून येतो, धर्म आणि राजकारणावर वाद घालायला सभेत मनाई असते, राजीनामा देता येतो.

बिघाड होतो तो गुप्तता विधींपुरती न राहता माणसांना आणि व्यवहारांना लागू झाली की. इटलीतील 'पी-दुए' (पी-२) लॉजचा प्रमुख लिचो जेल्ली याने सभासदांची नावे दडवून सूत्रे स्वतःच्या हाती ठेवली. मार्च १९८१ च्या झडतीत ९६२ नावांची यादी सापडली. मंत्री, सेनाधिकारी, पत्रकार त्यात होते. १९८२ च्या कायद्याने ती लॉज विसर्जित झाली.

सोलापुरात एखाद्या संस्थेबाबत शंका आल्यास विधी विचारत बसण्यापेक्षा कागद पाहावेत. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा (न्यासाची आणि विश्वस्तांची नोंद) आणि लेखापरीक्षण अहवाल मागावा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षे तीच नावे, किंवा एकाच घरातील, दिसली तर पुढे चौकशी करावी. नंतर सोडून गेलेल्या दोघातिघांना भेटावे. त्यांच्याशी बोलणे संस्थेने सभासदांना बंद केले असेल, तर ते परिशिष्टापेक्षा बोलके असते.

महाराष्ट्रातील कायदाही 'कल्ट' शब्दापाशी अडत नाही, कृती पाहतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी कृत्यांना सहा महिने ते सात वर्षे कैद सांगतो. सामाजिक बहिष्काराला २०१६ च्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याआधी मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कारबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर, रद्द ठरवला होता.